गरोदरपणातल्या औषधामुळे बाळात दोष: दावा नक्की कोणावर करायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीला फिट्सचा त्रास आहे. त्यासाठी ती व्हॅल्प्रोएट घ्यायची आणि दिवस गेल्यावरही तीच गोळी चालू राहिली. भाचीला जन्मतः स्पायना बिफिडा (पाठीचा कणा नीट न जुळण्याचा दोष) आहे. ऑपरेशन झालं, पण पायांत ताकद कमी आणि लघवीवर ताबा नाही. खर्च आयुष्यभराचा आहे, म्हणून सरळ व्यवहाराचंच विचारतो.

या औषधाने साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात दोष दिसतात आणि १०० पैकी ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात, हे आम्हाला बाळ झाल्यावर कळलं. मूल हवंय हे बहिणीने आधीच सांगितलं होतं. केसपेपरवर डॉक्टरांच्याच अक्षरात 'मूल हवे आहे' असं आहे आणि खालच्या ओळीत 'गोळ्या तशाच चालू'. धोक्याबद्दल एक शब्द नाही. माझ्या मते आमची सगळी केस या दोन ओळींवर उभी आहे.

आता कंपनी म्हणणार, माहितीपत्रकात इशारा छापला होता, रुग्णाला सांगणं डॉक्टरांचं काम. डॉक्टर म्हणणार, गोळी थांबवली असती तर फिटनेच आई-बाळाच्या जिवाला धोका होता. यात तथ्य आहे, त्यामुळे हे वाचून कुणी कृपया आपल्या मनाने गोळी बंद करू नका. आमची तक्रार एवढीच, की धोका सांगून दुसऱ्या औषधाचा पर्याय समोर ठेवायला हवा होता. मग फक्त डॉक्टरांवर निष्काळजीपणाचा दावा करावा, की कंपनीलाही सोबत पक्षकार करावं?

त्यात गोळी कधी या कंपनीची, कधी त्या. बिलं अर्धीच सापडली, त्यामुळे नेमकी कोणाची गोळी घेतली हे दाखवणं कठीण. पूर्वी गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या डीईएस या औषधाच्या अशाच अडचणीच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बाजारातल्या हिश्श्याप्रमाणे कंपन्यांवर जबाबदारी टाकायची वाट मोकळी केली होती. असा युक्तिवाद इतरत्र चालतो का?

मुदतीचंही कळत नाही. आईवडिलांचा दावा आणि अल्पवयीन मुलीचा स्वतःचा दावा यांची मुदत वेगवेगळी मोजतात ना? ब्रिटनमध्ये १९७६ च्या कायद्याने जन्माआधी झालेल्या इजेसाठी मुलाला स्वतःचा हक्क दिला आहे. फ्रान्समध्ये तर २०१७ पासून व्हॅल्प्रोएटग्रस्त कुटुंबांना कोर्टाबाहेर भरपाई मागण्याची सरकारी व्यवस्था आहे. नाहीतर कारण सिद्ध करण्यातच वर्षं जातात, कारण समोरचा वकील आधी 'आनुवंशिक असेल' म्हणणार. जनुकीय तपासणी आपणहून आधीच करून घ्यावी की कोर्टाने सांगेपर्यंत थांबावं?

अशी केस लढलेलं किंवा जवळून पाहिलेलं कुणी असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांचं लेखी मत कसं मिळवलं तेवढं नक्की सांगा. याच डॉक्टरांविरुद्ध लिहून द्यायला ओळखीतला एकही न्यूरॉलॉजिस्ट तयार नाही. इथे नको असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.