तान्ह्या पोळ्याला तुमच्या गल्लीत मुली नंदी घेऊन निघायच्या का?

इतवारीची_पोट्टी:
माझं लहानपण नागपूरच्या इतवारीत, नेहरू पुतळ्याजवळच्या एका वाड्यात गेलं. आम्ही भाडेकरू. सत्तरच्या दशकाची अखेर असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, आणि संध्याकाळी तान्हा पोळा, लेकरांचा लाकडी नंदींचा. दोन्ही वेळेला आम्ही मुली गच्चीवर!

सकाळी आजी दारातले पळसाचे मेढे काढून भावाच्या हाती द्यायची, चौकात टाकायला. मग जागनाथ बुधवारीकडून पिवळी मारबत यायची, नेहरू पुतळ्यापाशी काळ्या मारबतीची अन् तिची गाठ पडायची, आणि खाली जो कल्ला उठायचा ना बाप्पा! "माश्या-मोंगसे घेऊन जाय गे मारबत!" मागून बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. महागाईचा एक तर हमखास असायचाच. त्यांच्या गळ्यातल्या पाट्या मी मोठ्यानं वाचायला लागले की काकू दंडाला धरून आत न्यायची. का, ते मोठेपणी कळलं.

पण खरं डाचतं ते संध्याकाळचं. भावाचा चाकांचा लाकडी नंदी. शिंगांना बेगड मी लावायची, आईच्या विटलेल्या शालूच्या काठाची झूल मी शिवायची, घुंगरं मी ओवायची. अन् दोरी धरून घरोघर बोजारा, म्हणजे नंदीची ओवाळणी, मागत फिरणार हा! चार आणे, आठ आणे. सराफ्यातल्या ओळखीच्या पेढीवर कडक रुपयाची नोट. मी हट्ट केला तर उत्तर ठरलेलं, "पोरी कुठं बैल हाकतात?"

सगळ्या नागपुरात असंच होतं, की फक्त आमच्याच वाड्यात?

धंतोलीकर:
ताई, आमच्याकडे निघायच्या. माझी बहीण नऊवारी नेसून नंदी ओढायची, सजावटीच्या स्पर्धेत तिला स्टीलचा डबा मिळाला होता. पण आमच्या भागात मारबत यायची नाही. ती पाहायला सायकलवर डबलसीट इतवारीत यायचो, घरी न सांगता. त्या गर्दीत चप्पल शाबूत राहिली तर नशीब.

बुधवारीवाला:
मी जागनाथ बुधवारीतलाच. पिवळी आमच्या तऱ्हाणे तेली समाजाची, १८८५ पासूनची. काळी त्याआधीची, १८८१ ची. तुम्ही गच्चीवरून पाहायच्या ती मिरवणूक पुरुषांचीच, खरं आहे. पण मिरवणुकीआधी पिवळीच्या पाया पडायला लेकरं कडेवर घेऊन बायकाच यायच्या. माझी आई मला न्यायची. बांबूच्या सांगाड्यावर कागद, त्यावर तो पिवळाधमक रंग, आणि मान वर करकरून पाहिलं तरी चेहरा पुरता दिसेना. मी भोकाड पसरायचो. आई म्हणायची, "रडू नको बे, तुझा खोकला न्यायला आली ते."

नंदीचं म्हणाल तर आमच्या गल्लीत पोट्ट्यांचंच राज्य. मुलींना कुणी मनाई केली नव्हती, पण कुणी विचारलंही नव्हतं.

संत्राबर्फी:
आमच्या मोठ्या बहिणीनं सरळ सांगितलं होतं, "अर्धा बोजारा देशील तर झूल शिवतो, नाही तर ने तसाच उघडा बैल." दरवर्षी दिला. एकदा कमी दिला तर पुढच्या वर्षी ऐन वेळी शिंगांचं बेगड खरवडून काढलं तिनं.

इतवारीची_पोट्टी:
अर्धा बोजारा! हे आम्हाला सुचलंच नाही कधी. भाऊ सध्या पुण्यात असतो. आज रात्री फोन करून मागते, व्याजासकट.