अनुभव धागा: कुणी तुमच्या हातात किल्ली दिली होती का?

गेली पंधरा वर्षं मी तरुण मुलामुलींच्या गटांबरोबर काम करते आहे. 'तरुणांना सहभागी करून घ्या' हे वाक्य या काळात शेकडो वेळा ऐकलं. सहभागी करून घ्या म्हणजे नेमकं काय करा, हे मात्र क्वचितच कुणी विचारलं. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं या तिच्या खालच्या तीन पायऱ्या. त्यांना हार्ट यांनी सहभाग मानलंच नाही. ती शिडी पहिल्यांदा वाचली त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसून होते. माझे तोवरचे निम्मे कार्यक्रम त्या दुसऱ्या पायरीवरचे होते.

गरिबी हटवण्यापासून हवामान सांभाळण्यापर्यंतची शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं संयुक्त राष्ट्रांतल्या देशांनी २०१५ साली स्वीकारली, मुदत ठेवली २०३०. त्या वर्षी जे मूल दहा वर्षांचं होतं ते मुदत संपताना पंचवीस वर्षांचं असेल. त्याचं सगळं तरुणपण या मुदतीच्या आत येतं. म्हणून हा धागा. निर्णय, पैसा, माहिती यांतलं काही कुणी खरोखर तुमच्या हाती सोपवलं का? किंवा तुम्ही कुणाच्या हाती सोपवलंत का? पुढे काय झालं? फसलेलंही लिहा, किंबहुना ते आधी लिहा. माणसांची आणि संस्थांची नावं मात्र टाळा.

* * *

मी सुरुवात करतो. आमच्या गटाने पहिल्या वर्षी पावसाच्या तोंडावर ३०० रोपं लावली. जागा आधीच ठरलेली, खड्डे खणून तयार, रोपं गाडीतून आलेली. आम्ही माती लोटली, फोटो काढले, घरी गेलो. पुढच्या उन्हाळ्यात मी एकटाच तिथे गेलो आणि मोजलं. ४१ जिवंत होती.

दुसऱ्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा आम्ही एकच अट घातली, जागा आणि झाडं आम्ही निवडणार. पाणी कुठून आणता येईल ते आधी पाहिलं आणि मग जागा ठरवली. फक्त ६० रोपं लावली. प्रत्येकाला आळं केलं, पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, पाणी घालायच्या पाळ्या लावल्या. वर्षाने ५२ उभी होती. आयोजकांना ६० हा आकडा फारच छोटा वाटला होता. आता आमच्या फलकावर लावलेल्या झाडांचा आकडा नसतो, जगलेल्यांचा असतो.

* * *

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आम्हा सहा मुलींच्या गटाला आमच्या बाईंनी पाणी तपासायची पेटी दिली आणि म्हणाल्या, "हिचा ताबा तुमच्याकडे. कुठलं पाणी तपासायचं ते तुम्ही ठरवा. निकाल कुणाला सांगायचा, तेही तुम्हीच." माझ्या आयुष्यात तोवर कुणी कशाचा 'ताबा' दिला नव्हता.

आम्ही परिसरातल्या २२ विहिरी आणि हातपंपांची यादी केली. नायट्रेटची पट्टी पाण्यात बुडवायची, थांबायचं, रंग तक्त्याशी ताडून बघायचा, वहीत लिहायचं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम सांगितली आहे. पाच ठिकाणी पट्टीचा रंग त्याच्या पुढे गेला. शेतातलं खत आणि शौचालयांचे खड्डे, दोन्हींतून ते जमिनीत झिरपतं. सगळ्यात जास्त धोका बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते.

आता आमची चूक. त्या पाचही ठिकाणच्या घरांत जाऊन आम्ही सांगितलं, "पाणी उकळून प्या." आम्हाला तेवढंच माहीत होतं. दहा दिवसांनी प्रयोगशाळेतल्या एका काकांनी सांगितलं की उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी बाईंकडे गेलो तेव्हा वाटलं होतं, आता त्या पेटी परत मागतील आणि स्वतः घरोघर जाऊन सारवासारव करतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मग आता काय ठरवलंत?"

आम्ही प्रत्येक घरी पुन्हा गेलो. एका घरात दोन महिन्यांचं बाळ होतं. त्याची आई आमच्यावर विश्वास ठेवून पाणी दोन-दोनदा उकळत होती. आमचं चुकलं, हे तिच्यासमोर कसंबसं बोलले. ती चिडली नाही. तिने विचारलं, "मग आता याला कुठलं पाणी देऊ?" त्याचं उत्तर आमच्या वहीत होतं. बावीसच्या बावीस ठिकाणं तपासलेली होती म्हणून होतं. चार घरं सोडून असलेल्या हातपंपाचं पाणी चांगलं होतं.

नंतर निकाल घेऊन कार्यालयात गेलो तर पहिला प्रश्न आला, "बरोबर मोठं कुणी आहे का?" बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तपासणी यांनी केली आहे, यांनाच विचारा." साहेबांनी मग खरंच विचारलं, आणि बरंच विचारलं. पाचही ठिकाणांचे नमुने प्रयोगशाळेत गेले. त्यांतल्या दोन ठिकाणी आज 'पिण्यासाठी वापरू नये' अशी पाटी आहे.

* * *

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे कार्यालयात खुर्चीवर बसणारा. काही वर्षं स्थानिक कारभारात निवडून आलेला सदस्य होतो. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये अंदाजपत्रकातला काही भाग नागरिकांनी ठरवायची पद्धत सुरू केली. पुढे अमेरिकेतल्या बॉस्टनने २०१४ मध्ये १० लाख डॉलर कुठे खर्चायचे हे १२ ते २५ वयाच्या मुलांवर सोपवलं. हे वाचून मी आमच्याकडे तसा अगदी छोटा प्रयोग सुचवला. सहकाऱ्यांना वाटलं, मुलं खेळाचं मैदान मागतील आणि विषय संपेल. मलाही मनातून तेच वाटत होतं.

पहिल्या सभेला दोघं आली. आम्ही म्हणालो, बघा, तरुणांना रस नाही. त्या दोघांतल्या मुलीने शांतपणे विचारलं, "सभा सकाळी अकराला आहे. त्या वेळी आम्ही वर्गात असतो किंवा कामावर. ही वेळ कुणी ठरवली?" वेळ मीच ठरवली होती. पुढची सभा संध्याकाळी सातला घेतली, सदतीस जण आले.

त्यांनी मैदान मागितलं नाही. संध्याकाळच्या वर्गाहून परतताना मुलींना जिथून जावं लागतं त्या रस्त्यावर दिवे मागितले. कुठला खांब बंद आहे, किती दिवसांपासून, याचा नकाशा स्वतः फिरून केलेला होता. आमच्या नोंदीत त्यांतले बरेच खांब 'चालू' होते. तो नकाशा टेबलावर पसरला तेव्हा मला शरम वाटली आणि त्याच वेळी फार बरंही वाटलं. अंदाज, निविदा, बिलं हे सगळं त्यांना समजावून द्यायला आमच्या लेखापालांनी दोन संध्याकाळी दिल्या. दोन संध्याकाळींत अंदाजपत्रक वाचता येतं! आपण उगाच ते अवघड आहे असं सांगत राहतो.

* * *

वरचा सभेच्या वेळेचा प्रसंग वाचून लिहावंसं वाटलं. मी चाकाची खुर्ची वापरतो. तरुणांच्या ज्या बैठकांना मला आग्रहाने बोलावलं गेलं त्यांतल्या बऱ्याच पहिल्या मजल्यावर होत्या. चौघं मिळून मला उचलून नेत. त्यांच्या मनात प्रेमच असे, पण उचलून नेलेल्या माणसाला मधेच उठून निघून जाता येत नाही. शेवटी आम्ही तिघांनी मोजपट्टी घेऊन १४ सार्वजनिक इमारतींचे उतार मोजले. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा, हे साधारण मान्य असलेलं प्रमाण. त्यात चार बसले. यादी दिली आहे, पाठपुरावा चालू आहे. एवढंच.

* * *

मी जरा वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

ऑगस्ट २०१८ मध्ये ग्रेटा थुनबर्ग ही शाळकरी मुलगी हवामानासाठी स्वीडनच्या संसदेबाहेर एकटी धरणं धरून बसली तेव्हा मी शाळेत होते. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जगभर हवामानासाठी मोर्चे निघाले, त्यांतला आमच्याकडचा एक मी आणि माझ्या मैत्रिणींनी काढला. नंतर मला सगळीकडे भाषणाला बोलावू लागले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मोठं माणूस डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "आता तुमच्यावरच आशा आहे." मी सोळा वर्षांची होते. रात्री दोन वाजता उठून तापमानवाढीच्या बातम्या वाचायचे, सकाळी परीक्षेला कोरी जायचे. वजन घटलं. आईला सांगता येईना, कारण ती माझा अभिमान बाळगत होती.

मला सावरलं ते शेजारच्या एका मावशींनी. त्यांनी आशेबद्दल एक शब्द काढला नाही. त्या म्हणाल्या, "परवानग्यांची पत्रं आणि फोन यापुढे मी करते. तुझ्याकडे ठरवायचं काम ठेव, धावपळीचं मला दे." दर गुरुवारी संध्याकाळी त्या वही घेऊन यायच्या आणि मी सांगेन ते लिहून घ्यायच्या. मी पुन्हा झोपायला लागले. कृपा करून कुठल्याही तरुण मुलीला 'तुमच्यावर आशा आहे' म्हणू नका. तिच्याकडचं एखादं काम मागून घ्या.

* * *

मी शाळा दहावीला सोडली. दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. पंखे, मिक्सर, इस्त्री, मोबाइल. 'युवा' असं लिहिलेल्या कार्यक्रमात माझ्यासारखा मुलगा खुर्च्या मांडताना दिसतो, खुर्चीवर बसलेला दिसत नाही.

काही कॉलेजच्या मुलांनी ई-कचरा गोळा करायची मोहीम काढली होती. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांची आहे, असं त्यांच्या पत्रकावर होतं. मी त्यांच्या ढिगाऱ्यातून एक मिक्सर उचलला, कार्बन ब्रश बदलले, चालू करून दिला. म्हटलं, हा कचरा नाहीच. तिथून महिन्यातून एकदा दुरुस्तीचा दिवस सुरू झाला. ॲम्स्टरडॅममध्ये २००९ पासून अशी 'रिपेअर कॅफे' चालतात, हे मला त्या मुलांनी नंतर दाखवलं.

त्या दिवशी शिकवायला मी असतो. दुसऱ्याच महिन्यात मी सांगून टाकलं की मला त्या दिवसाची मजुरी हवी. काहींना वाईट वाटलं, समाजकार्याचे पैसे कसे मागतो म्हणून. पण माझा रोज बुडाला तर घरात अडतं. फुकट काम फक्त ज्यांना परवडतं त्यांचंच असतं, मग ठरवतातही तेच. त्यांनी आपसात चर्चा केली आणि मजुरी द्यायला लागले. आता आम्ही चार कारागीर आहोत, आणि कुठल्या वस्त्या आधी घ्यायच्या हे आमच्या बैठकीत ठरतं.

* * *

मजुरीच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. आमच्या गटाने बँकेचं खातं विशीतल्या दोघांकडे दिलं होतं. सहाव्या महिन्यात हिशेबात तूट आली. मोठ्यांनी लगेच खातं काढून घ्यायचं ठरवलं. मी अडवलं आणि आधी वही मागितली. प्रवासखर्चाच्या पावत्याच घेतल्या नव्हत्या, कारण पावती घ्यायची असते हे त्यांना आमच्यापैकी कुणी सांगितलंच नव्हतं. खातं त्यांच्याकडेच ठेवलं. दर महिन्याला सगळ्यांसमोर हिशेब वाचायचा, एवढा नियम वाढवला, आणि तो आम्हा मोठ्यांच्या खर्चालाही लागू केला.

* * *

मी कायदा शिकवते. २०१९ मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामान बदलाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतू या छोट्या देशाने ते उचलून धरलं. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने न्यायालयाचं मत मागवलं आणि २३ जुलै २०२५ रोजी ते आलं. हवामानाचं रक्षण करणं ही देशांवरची कायदेशीर जबाबदारी आहे, असं न्यायालयाने सांगितलं. वर्गात हे सांगितलं की मुलं भारावतात आणि तास संपला की विसरतात. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, त्यांनी पहिला कागद कुणाला लिहिला?"

मी तास तिथेच थांबवला. आमच्या इमारतीमागे रोज कचरा जाळला जात असे. मुलांनी त्याबद्दल अर्ज लिहायला घेतला. पहिला मसुदा चार पानांचा, सगळा संताप. मी तो तपासला नाही, फक्त विचारलं, "हे वाचणाऱ्या माणसाने उद्या सकाळी नेमकं काय करावं?" पाचवा मसुदा अर्ध्या पानाचा झाला, तारखा आणि वेळांसह. दोन स्मरणपत्रं द्यावी लागली. जाळणं बंद व्हायला सात महिने लागले. तो प्रश्न विचारणारा मुलगा आता वर्गाबाहेरच्या लोकांनाही अर्ज लिहायला शिकवतो.

* * *

पाण्याच्या अनुभवाखाली दोघांनी विचारलंय, ती पेटी आता कुठे आहे? लिहिते.

आम्ही सहाही जणी शिक्षणासाठी बाहेर पडलो तेव्हा पेटी बाईंना परत द्यायला गेलो. त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, "मी तुम्हाला दिली होती, तुम्ही कुणाला देताय ते बघा." आम्ही शाळेतल्या पाच मुली आणि दोन मुलगे निवडले, त्यांच्याबरोबर तीन महिने फिरलो. पट्ट्यांची मुदत संपते, ती तारीख आधी बघायची, हे शिकवलं. उकळण्याची चूकही सांगितली, वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवली आहे. त्यालाही आता सात वर्षं झाली, ही तिसरी तुकडी आहे. गेल्या महिन्यात त्यांतल्या एकीचा फोन आला. "ताई, तुमच्या वहीत नवव्या आणि एकोणिसाव्या विहिरीच्या नोंदींची अदलाबदल झालेली दिसते. आम्ही दोन्ही पुन्हा तपासल्या." मी माझ्याकडची प्रत काढून पाहिली. तिचं बरोबर होतं.