आवाज बंद, कॅमेरा चालू : आपल्या गल्लीतल्या मूकपटांचे अनुभव

चेंदणीकर

आधी कबुली देतो. आम्ही मूकपट केला तो कलेबिलेसाठी नाही. माइक नव्हता म्हणून केला.

चेंदणी कोळीवाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एका अंगाला ठाणे स्टेशन, दुसऱ्या अंगाला खाडी. पहिल्या दिवशी आमच्या हिरोने एकच वाक्य सतरा वेळा म्हटलं आणि सतराही वेळा मध्ये गाडी आली. कधी जलद, कधी धीमी. एकदा मालगाडी आली, ती संपेपर्यंत हिरोचा चहा पिऊन झाला. घरी हेडफोन लावून ऐकलं तर उरल्यासुरल्या जागेत रिक्षाचे हॉर्न आणि कुणाचा तरी कुकर. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून इथंच आली याचा ठाणेकरांना केवढा अभिमान! आमच्या साउंडचं वाटोळं तेव्हाच ठरलं होतं.

शेवटी आमच्यातली एक वैतागून म्हणाली, "मग बोलूच नका ना!" तिथून मूकपट.

गोष्ट तशी घासून गुळगुळीत झालेली. खाडीत आता मासळी नाही, आजोबा तरी जाळं दुरुस्त करतात, नातू मोबाइल बघतो. पण आजोबा खरे होते, माझेच. त्यांना "नेहमीसारखं करा" म्हटलं की ते पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ बसायचे. दुसऱ्या दिवशी चुलत्याचं खरोखर फाटलेलं जाळं पुढ्यात टाकलं, तेव्हा कुठं कॅमेरा विसरले. जाळ्याची कड डाव्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, लाकडी सुई दोऱ्यासकट भोकातून आत, बोटाला एक वळसा, गाठ. गाठ बसली की अंगठा आपोआप एक घर पुढे सरकायचा. हा अंगठा स्क्रिप्टमध्ये नव्हता. अकरा मिनिटांच्या फिल्ममध्ये आता बघण्यासारखा तोच आहे.

ठाणे, नवी मुंबईत कुणी असला उद्योग केला असेल, त्यात काम केलं असेल, किंवा तुमच्या जिन्यात येऊन कुणी केला असेल तर इथं लिहा. फसला असेल तर आधी लिहा.

हापूसवाली, तुर्भे

माझे बाबा वाशीच्या फळबाजारात आहेत. मार्च ते मे ते घरी येतात फक्त झोपायला. हापूसच्या पेटीचा सौदा रुमालाखाली होतो हे लहानपणापासून बघत आले. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वरून रुमाल, आणि आत बोटं धरून भाव. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच. शंभर की हजार हे बोलायचं नसतं, माल बघून कळतं. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. इतकी आयती गोष्ट घरात असताना मी दोन वर्षं विषय शोधत होते.

भर बाजारात शूटिंग शक्यच नव्हतं. पहाटे गाड्या लागलेल्या, माथाडींच्या डोक्यावर पेट्या, मध्ये ट्रायपॉड लावला असता तर माझ्यासकट उचलून टेम्पोत टाकला असता. म्हणून दुपारी, बाजार ओसरल्यावर, ओळखीच्या गाळ्यासमोर. रिकाम्या पेट्या, खाली सांडलेलं गवत, आणि बाबांच्या ओळखीचे दोन काका.

आमचं भांडण झालं ते एकाच शॉटवरून. मित्राला फोन रुमालाच्या आत घालायचा होता. कापडातून गाळून आलेला उजेड, बोटांवर बोटं, दिसायला भारीच दिसलं असतं. बाबा पलीकडे हिशेब करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आतलं दाखवणार असशील तर रुमाल कशाला टाकतेस?" विषय संपला. फिल्मभर रुमाल फक्त वरून दिसतो. कापड जरा उचललं जातं, परत बसतं, आणि वर दोन निर्विकार चेहरे.

दुसरी अडचण अशी की एका काकांना खोटा सौदा जमेना. भाव नाकारायचा अभिनय करा म्हटलं, तर म्हणाले, "हात दिला की दिला, नाटक कसं करू?" शेवटी दोघांनी शिल्लक राहिलेल्या एका पेटीचा खरा सौदा केला. केवढ्याला, ते आजतागायत सांगितलेलं नाही. फिल्म बघणारा प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो.

एक सांगायचं राहिलं. या पद्धतीत शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव समोरासमोर कळत नाही ही तक्रार जुनी आहे, आणि मला ती पटते. फिल्ममध्ये एक माणूस बाजूला उभा राहून नुसता रुमालाकडे बघतोय. त्याचा क्लोजअप मी ठेवला. बाबांना तो आवडला नाही. तरी ठेवला.

ट्यूबलाइट

कोपरखैरणे. छोटीच गोष्ट, पण तुमचा एक दिवस वाचेल. आम्ही अभ्यासिकेत ट्यूबच्या उजेडात शूट केलं, फोन सेकंदाला ६० फ्रेमवर. घरी बघतो तर सगळ्या भिंतींवर काळे पट्टे सरकतायत, जणू भूतपट. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधून टाका, फ्रेम २४ किंवा २५ ठेवा. आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर कुणी पांढरा शर्ट घालून आला की अख्खी खोली अंधारते. चाळीस मिनिटांचं शूटिंग पाण्यात गेल्यावर आलेलं शहाणपण आहे हे.

सातव्या मजल्यावरची काकू

मी फिल्म केली नाही, सोसली. घोडबंदर रोडला राहतो. दोन चिरंजीव आणि त्यांचे चार मित्र यांनी दिवाळीच्या सुट्टीत घर ताब्यात घेतलं. बल्बचा उजेड मऊ करायला माझा बटर पेपर गेला. उजेड परतवायला हळदीकुंकवाचं स्टीलचं ताट गेलं. पडदा म्हणून माझी पांढरी डबल चादर गेली, ती क्लिपांच्या डागांसकट परत आली.

गच्चीवर दाखवायचं ठरलं, तर कमिटीतले एक सभासद म्हणाले, दहानंतर आवाज चालणार नाही. धाकटा शांतपणे म्हणाला, "काका, मूकपट आहे." त्यांना त्यावर काही सुचेना, परवानगी मिळाली.

चादर गच्चीच्या मधोमध बांधलेली. गर्दी झाली म्हणून निम्मी माणसं मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीकडे बसली. चित्र तिकडूनही दिसतं हो, पण मधे मधे येणाऱ्या लिखित मजकुराच्या पाट्या सगळ्या उलट्या! टाकीकडच्या मंडळींनी आपापली गोष्ट रचली आणि खाली उतरताना दोन्ही गटांत वाद, नायिका शेवटी गेली कुठे. टाकीकडची गोष्ट जास्त बरी होती असं माझं मत आहे. घरात मी ते बोलत नाही.

लोकमान्यनगरचा

आमच्याकडे हिरॉइन ठरली होती, ऐन वेळी तिच्या घरून नाही आलं. "शूटिंग" हा शब्द ऐकूनच वडील बिथरले. मग आमच्यातल्याच एकाने साडी नेसली. तो बिचारा दोन दिवस चाळीत तोंड लपवून फिरत होता. त्याला सांगितलं, लेका, फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती अण्णा साळुंके होते, आणि पुढे 'लंका दहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. यावर त्याचा प्रश्न, "त्यांना पैसे मिळाले का?" आम्ही वडापाव दिला.

पण खरं सांगू? त्या मुलीला काम करायचं होतं. ती एडिटिंगला येऊन बसायची, क्लासला जाते सांगून. कुठला शॉट कुठे तोडायचा हे आमच्यापेक्षा तिलाच जास्त कळत होतं. तिचं नाव पाटीवर घालता आलं नाही, ते अजून खटकतं.

तलावपाळी

वय सांगत नाही, पण केस पांढरे आहेत. तुम्हा पोरांचं कौतुक आहे, तरी थोडं बोलतो.

आवाज बंद केला की मूकपट झाला असं नसतं. मध्यंतरी मुलांच्या दहाबारा फिल्म एका बैठकीत पाहिल्या. निम्म्यांत माणसं समोरासमोर बसून दोन दोन मिनिटं ओठ हलवतायत, मग पाटी, मग परत ओठ. चार मिनिटांत तीस पाट्या असतील तर ती पुस्तिका झाली, छापून वाटा. गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'ला लोक गेले ते वाचायला नाही, बघायला. आणि त्या काळी थिएटरात शांतता असायची हाही गैरसमजच. पडद्याशेजारी वाजवणारे बसत. मुका होता तो पडदा.

एक चाचणी सांगतो. सगळ्या पाट्या काढून शेजारणीला दाखवा. तिला कळलं तर ठेवा. आणि ठेवाल ती पाटी सावकाश दोनदा वाचून होईल इतकी तरी राहू द्या. तुमच्या पाट्या पळतात, आमचे चष्मे नाही पळत.

कळव्याचा तबलजी

वरच्या काकांशी सहमत. आम्ही पेटी, तबला आणि एक ढोलकी घेऊन लाइव्ह वाजवलं होतं. सराव नऊ वेळा केला, प्रत्येक कट पाठ. प्रयोगाला मधेच लॅपटॉप हँग झाला. पडद्यावर बाई दार उघडतेय, हात कडीवर, आणि चित्र गोठलेलं. पेटीवाला घाबरून थांबला. मी काय करणार, ठेका धरून ठेवला, मग हळूहळू लय वाढवत नेली. मिनिटभराने चित्र सुटलं, दार उघडलं आणि टाळ्या! लोकांना वाटलं दिग्दर्शकाचीच आयडिया. दिग्दर्शकानेही नाही म्हटलं नाही.

नेरूळहून, हाताने

मी जन्मापासून ऐकत नाही. हा धागा वाचताना दोनतीनदा हसले, दोनतीनदा राग आला. तुम्ही सगळे आवाज गेला, आवाज नव्हता असं लिहिताय. माझ्यासाठी सगळेच पिक्चर मूकपट आहेत, फक्त बहुतेकांत पाट्या नसतात.

आमच्यातले जुने लोक सांगतात की पूर्वी ऐकणारा आणि न ऐकणारा शेजारी बसून एकच सिनेमा सारखाच बघायचे. १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' लागला, तुमच्यासाठी पडदा बोलायला लागला आणि आमच्यासाठी बंद झाला. इतिहासात ही तारीख नेहमी आनंदाचीच असते.

ऐरोलीतल्या कॉलेजच्या मुलांनी मला त्यांच्या फिल्ममध्ये घेतलं. चांगली मुलं. पण पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "तुझ्या खुणा जरा मोठ्या कर, लोकांना कळायला पाहिजे." मी लिहून दिलं: तू मराठी मोठ्याने बोललास तर तमिळ माणसाला कळेल का? सांकेतिक भाषेला व्याकरण आहे. भुवया वर गेल्या की प्रश्न होतो, मान हलली की नकार. हातवारे वेगळे, भाषा वेगळी.

मग कॅमेरा. दिग्दर्शकाला चेहऱ्याचे क्लोजअप आवडायचे. माझे हात फ्रेमच्या बाहेर! म्हणजे माझं तोंडच कापलं. डोक्यापासून कमरेपर्यंत फ्रेम लागते, आणि मी वाक्य संपवेपर्यंत कट नको. हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. कळल्यावर मात्र त्याने सगळं पुन्हा शूट केलं, दोन रविवार घालवून. त्यामुळे राग गेला.

चॅप्लिनचा एक मित्र होता, ग्रॅनव्हिल रेडमंड, कर्णबधिर चित्रकार. चॅप्लिनने त्याला आपल्या स्टुडिओत चित्रं काढायला जागा दिली होती आणि 'सिटी लाइट्स'मध्ये छोटं कामही दिलं. त्यांच्या गप्पा बोटांनी चालायच्या. हे मी त्या दिग्दर्शकाला सांगितलं. आता तो बोटांनी अर्धवट चहा मागतो. बहुतेक वेळा चुकीचा.

फ्लेमिंगो, सीवूड्स

आमचा हिरो फ्लेमिंगो होता. भरतीला ते तलावावर येतात म्हणून वेळापत्रक काढून, पहाटे उठून सहा जण गेलो. त्या दिवशी आले नाहीत. फिल्मचं नाव बदललं.

चेंदणीकर

सगळ्यांचं वाचलं. तलावपाळी काका, आमच्या चौदा पाट्या होत्या, तुमच्या चाचणीनंतर पाच राहिल्या.

आमचा पहिला खेळ कसा झाला तेही सांगतो. वाड्यात, होळी लावतात त्या मोकळ्या जागेत, ताडपत्रीवर चादर. पुढे म्हाताऱ्या मावश्या, आपापले पाट घेऊन. आम्ही इतकं जपून सगळं मुकं केलेलं, आणि पहिल्या मिनिटापासून मावश्यांनी स्वतःच संवाद म्हणायला सुरुवात केली! नातू मोबाइल बघतोय की एक ओरडली, "आरं, आजाकडं बघ जरा!" आजोबा सुई ओवतायत तर दुसरी, "त्याला दिसत नाय गो आता, कुणीतरी ओवून द्या." माझी आजी त्यांच्या मधोमध बसलेली. अंगठ्याचा शॉट आला तसं सगळ्या गप्प झाल्या आणि ती एकटी काहीतरी बोलली, हळूच. आजोबा शेजारी हसले. मी प्रोजेक्टरपाशी होतो, मला ऐकू आलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "मी कुठं काय बोलले?"

नेरूळहून, हाताने

मावश्या काय काय बोलल्या ते कुणी लिहून ठेवलंय का? तुमची फिल्म मला पाठवलीत तर अंगठा दिसेल. पण हे सगळं त्यात नसेल.

चेंदणीकर

लिहिलं नाही. एका मित्राच्या फोनवर सगळं रेकॉर्ड झालंय, ते आज लावून बसलो. पहिली चार वाक्यं लागली. पाचव्याला गाडी आली.