हेवी लायसन्सले केस तपासतात काय? माझं तर मुंडण झालंय

पिकअपवाला_वरुड
राजेहो, हसू नका. अकरा वर्षं झाली, संत्र्याची पिकअप चालवून राहिलो. आता हेवी काढायचं हाय. ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणते, आता मागून केस कापून घेतात, तीन महिन्यांची नशा निघते त्यातून. शिवरात्रीले चौरागडले गेलो होतो, तिथी एक गिलास भांग घेतली. खोटं काहून बोलू. मंग चैत्रात बाबा गेले, मुंडण झालं. केस आता नखाएवढे. स्कूलवाला म्हणते, "टकल्याचा संशय जास्त येते, तीन हजार दे, रिपोर्ट मी पाहून घेतो." देऊ काय?

झाडीपट्टीचा_पोट्टा
तीन हजारात डोक्यावर विग येते बावा.

लॅबवाली_आर्वी
दादा, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पैसे देऊ नका. आपल्याकडे लायसन्ससाठी केस घ्यायचा नियमच नाही. हेवीला फॉर्म १-ए लागतो, तो डॉक्टर भरतो: नजर, रंग ओळखणं, कान, हातपाय. फॉर्म १ मध्ये तब्येतीचं तुम्ही स्वतः लिहून देता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १९ आहे, सवयीच्या व्यसनी माणसाचं लायसन्स त्याखाली रद्द होऊ शकतं. नशेत गाडी चालवण्याचं कलम १८५ वेगळं. दारूची मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिग्रॅ.

पण स्कूलवाल्याने हे हवेतून आणलेलं नाही. ब्राझीलमध्ये २०१६ पासून ट्रक-बसवाल्यांना लायसन्ससाठी अशी तपासणी लागते. इटलीत नशेत सापडलेल्याला लायसन्स परत हवं असेल तर मेडिकल कमिशन केस मागू शकतं.

मी नागपुरात लॅबमध्ये मशीनवर असते. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो. रक्तातलं जे मुळाशी पोचतं ते केसात अडकतं आणि त्याच्यासोबत वर सरकतं. म्हणून डोक्याच्या मागून, कातडीला लागून, पेन्सिलीएवढी बट कापायची आणि मुळाकडचे ३ सेंमी तपासायचे. शेवटचे आठ-दहा दिवस त्यात येत नाहीत, तेवढा केस कातडीच्या आतच असतो. एकाने कंगव्यातले केस पुडीत बांधून आणले होते! मूळ कोणतं, टोक कोणतं? परत पाठवलं.

केस आधी धुतात, कारण शेजारच्याचा धूरही चिकटतो. म्हणून गांजासाठी शरीरात तयार होणारा पदार्थ शोधतात, तोही एका मिलिग्रॅम केसात ०.२ पिकोग्रॅमपर्यंत. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम. टक्कल केल्याने सुटका नाही, छातीचे किंवा पायाचे केस घेतात; फक्त त्यांचा महिन्यांचा हिशेब लागत नाही. तुमचा एक गिलास मात्र बहुतेक दिसणारही नाही, ही तपासणी नेहमी घेणाऱ्याला गाठते. आणि "घेतली होती" एवढंच केस सांगतो. घेऊन स्टेअरिंगवर बसला होता का, ते नाही.

जुना_डायवर
नीमच लाइनला डोडा, म्हणजे अफूच्या बोंडाचा चुरा, खाऊन रातभर गाडी हाणणारे पाहिलेत मी. त्यांचे केस खरंच तपासावे, असं मला वाटते. तू आपले डोळे तपासून घे. मी पन्नाशीत तिथंच अडकलो होतो, केसात नाही.

पिकअपवाला_वरुड
ताई, लय उपकार. आज गेलो न् म्हटलं, पैसे देतो, पावती दे. तो म्हणते, "नियम पुढच्या महिन्यात लागणार हाय, आताच करून घे, तुले पंधराशेत करतो."