मदत हवी आहे: काका दुबईत वारले, दफनासाठी वसईला आणायचंय

नमस्कार मंडळी, माझे धाकटे काका परवा पहाटे दुबईत वारले. कंपनीच्या कॅम्पवर झोपेतच गेले, हार्ट अटॅक असावा असं रूमवरचे लोक म्हणतात. हॉस्पिटलमध्ये गेले नाहीत म्हणून पोलीस आले आणि आता त्यांचा क्लिअरन्स मिळेपर्यंत पुढचं काहीच हलत नाहीये.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला की दफन इकडेही करता येईल, लवकर आटपेल. पण आजी ऐंशीच्या पुढची आहे, आजोबांच्या शेजारीच पोराला माती द्यायची एवढंच ती बोलतेय, त्यामुळे तो विषय आमच्याकडून बंद आहे.

आतापर्यंत विचारून विचारून जे कळलं ते असं: पोलिसांचा क्लिअरन्स, मग तिकडचं डेथ सर्टिफिकेट, मग आपल्या कॉन्सुलेटमध्ये पासपोर्ट कॅन्सल करून एनओसी, व्हिसा कॅन्सल, दुबईतल्या सोनापूरला एम्बामिंग (बॉडी खराब होऊ नये म्हणून करतात ती प्रक्रिया) आणि त्याचं सर्टिफिकेट, मग विमानाच्या कार्गोत बुकिंग. काकांचा एक मित्र तिथे सुट्टी टाकून धावपळ करतोय, त्याचे उपकार कसे फेडणार कळत नाही.

आता जिथे अडलंय ते. बॉडी भारतात आणायला काकीचं संमतीपत्र लागतं, नोटरी केलेलं, आणि त्यात मित्राला आमच्या वतीने सह्या करायचा अधिकार द्यायचाय. पण काकांच्या पासपोर्टवर बायको म्हणून काकीचं माहेरचं नाव आहे आणि तिच्या आधारवर सासरचं. चर्चचा विवाह दाखला आहे, त्यात दोन्ही नावं जुळतात. तो आणि एक अ‍ॅफिडेव्हिट जोडलं तर चालतं का? की आजीचंही संमतीपत्र सोबत द्यावं? एकदा कागद परत आला की दोन-तीन दिवस गेलेच, त्यात शनिवार-रविवार तोंडावर आलाय.

खर्चाचं पण सांगा. तिकडच्या कामगार कायद्यात बॉडी मायदेशी पाठवायचा खर्च मालकाने करायचा असं आहे, पण कंपनी नुसतं बघू बघू करतेय. काकांनी तिथे आयुष्य घातलं हो, याचा फार राग येतोय. लेखी मेल कोणी करायचा, काकीने की मित्राने? आणि कंपनीने हात वर केलेच तर कॉन्सुलेटकडे गरजूंसाठी वेल्फेअर फंड आहे, २००९ पासूनचा, त्यातून मदत मिळालेलं कोणी आहे का इथे? (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी विम्याचं, म्हणजे प्रवासी भारतीय बीमा योजनेचं, कोणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो, त्यातलं १० लाखांचं कव्हर अपघाती मृत्यूला आहे, आमच्या केसमध्ये ते बसत नाही.)

मुंबईत उतरल्यावर एअरपोर्टच्या हेल्थ ऑफिसरचा क्लिअरन्स लागतो. २०२३ पासून त्यासाठी ई-केअर नावाचं ऑनलाइन पोर्टल आहे. त्यावर कागद घरच्यांनी टाकायचे की तिकडचा कार्गो एजंट टाकतो? सहारच्या कार्गोमध्ये ताबा घ्यायला कोणाचं ओळखपत्र चालतं, काकीला स्वतः यावं लागेल का? तिची अवस्था तिथे तासन्‌तास बसण्यासारखी नाही, माझ्या नावाने घेता आलं तर बरं होईल.

आणि एक विचारायचं राहिलं. आजीला चेहरा बघायचाय. पेटी सील असते म्हणतात, घरी आणल्यावर उघडायला परवानगी असते का, आणि एम्बामिंग होऊन इतके दिवस गेल्यावर उघडावी का? खरं काय ते सांगा, म्हणजे तिला आधीच समजावता येईल. फादरनाही मिस्साची (चर्चमधल्या प्रार्थनाविधीची) वेळ अजून देता येत नाहीये, तिकीट हातात आल्याशिवाय काही ठरवू नका म्हणाले ते.

कोणाकडे अशा संमतीपत्राचा मसुदा असेल तर प्लीज इथेच टाका, उद्या सकाळी नोटरीकडे जातोय.