क्लास ए की एबी: कानाला काय कळतं?
हॅम रेडिओच्या अँप्लिफायरमध्ये क्लास ए (ट्रान्झिस्टर सिग्नलभर सतत चालू) चा आवाज मखमली आणि क्लास एबी (प्रत्येक ट्रान्झिस्टर अर्ध्याहून थोडा जास्त वेळ चालू) म्हणजे नुसता खरखराट, असं म्हटलं जातं. ते एसएसबीपुरतं (एकाच साइडबँडवर आवाज पाठवण्याची पद्धत) तरी मला पटत नाही. नीट बायस (सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टर किंचित चालू ठेवणारा व्होल्टेज) दिलेल्या एबी लिनिअर अँप्लिफायरवर बोललात तर तुमच्याच फ्रीक्वेन्सीवर ऐकणाऱ्याला फरक जवळजवळ कळत नाही. अडीच-तीन किलोहर्ट्झच्या बँडविड्थमधून मखमल ती किती जाणार!

फरक कळतो तो शेजाऱ्याला. ४० मीटरच्या बँडवर तुमच्या फ्रीक्वेन्सीपासून चार-पाच किलोहर्ट्झ दूर बसलेल्याला तुमच्या शब्दांचे तुकडे थुंकल्यासारखे ऐकू येतात, तो इंटरमॉड्युलेशनचा (आवाजातल्या फ्रीक्वेन्सी अँप्लिफायरमध्ये एकमेकींत मिसळून बाजूला नव्या तयार होण्याचा) प्रताप. येसू कंपनीच्या एफटी-१००० एमपी मार्क फाइव्ह या रेडिओ सेटमध्ये क्लास ए ची सोय होती ती हे कमी करण्यासाठीच, पण २०० वॅटचा सेट त्यात ७५ वॅटवर येतो. क्लास ए ची कार्यक्षमता कागदावरसुद्धा ५० टक्क्यांवर जात नाही, क्लास बी (प्रत्येक ट्रान्झिस्टर बरोबर अर्धा वेळ चालू) ची ७८.५ पर्यंत जाते. उरलेली सगळी उष्णता. मे महिन्यात फोंड्याला बंद खोलीत असा सेट चालवून बघाच.

आपल्याकडे खरी काळजी बायस सरकण्याची. ट्रान्झिस्टर तापला की त्याचा स्थिर (सिग्नल नसतानाचा) करंट वाढतो, म्हणून बायसचा डायोड हीटसिंकला चिकटलेलाच हवा. उलट बायस फार कमी ठेवला तर क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम जाताना सिग्नल बिघडणं) येतं, आणि ते हळू बोलताना जास्त जाणवतं. क्लास सी (ट्रान्झिस्टर अर्ध्याहूनही कमी वेळ चालू) एफएम आणि मोर्सला उत्तम, एसएसबीला अजिबात नको.

आणि माइक गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) आधी कमी करा हो. निम्मी घाण तिथूनच येते.