एमडीए कार्डावर ग्राफिक्स नव्हतं, हे बरंच झालं

फॉस्फर (धागाकर्ता)

जुन्या संगणकांच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी म्हणतंच, "तेव्हा बिचाऱ्या पीसीवर नुसती हिरवी अक्षरं दिसायची." त्या 'बिचाऱ्या'ला माझा आक्षेप आहे.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला तेव्हा त्यासाठी दोन व्हिडिओ कार्डं होती, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारे सर्किट बोर्ड. सीजीएवर रंग आणि चित्रं. एमडीएवर फक्त मजकूर: ८० अक्षरांच्या २५ ओळी, रंग एकच, आणि एखादा ठिपका सुटा पेटवायची सोयच नाही. पण तो मजकूर कसला होता ते बघा. सीजीए एका अक्षराला ८ × ८ ठिपक्यांची चौकट द्यायचं, एमडीए ९ × १४ ची. इंग्रजी जी, पी, वायच्या शेपट्यांना खाली ऐसपैस जागा. सीजीएवर त्याच शेपट्या खालच्या ओळीच्या डोक्याला टेकायच्या.

दिवसभर पत्रं टाइप करणाऱ्या आणि खातेवह्या तपासणाऱ्या माणसासाठी हेच कार्ड योग्य होतं, आणि ग्राफिक्सचा हव्यास सोडला म्हणूनच ते जमलं, असं माझं मत आहे. अख्खा पडदा ४ केबीत मावायचा. २००० अक्षरं, प्रत्येकी एक बाइट अक्षराचा आणि एक त्याच्या रूपाचा (रंग, अधोरेखन वगैरे). ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरने फक्त अक्षराचा क्रमांक लिहायचा, ठिपके काढायचं काम कार्डावरच्या रॉमचं, म्हणजे अक्षरांचे आकार कायमचे कोरलेल्या चिपचं. शिवाय प्रिंटरचं पोर्ट त्याच कार्डावर. ज्यांनी हे ठरवलं त्यांना ऑफिस कळत होतं.

चौरंगी

ऑफिस कळत होतं म्हणे! १९८३ मध्ये लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्राम आला. एमडीएवाल्याने त्यात विक्रीचा तक्ता केला. साहेब म्हणाले, आलेख दाखव. आता? दाखवा हिरवा ठेंगा.

सीजीएची अक्षरं ओबडधोबड होती, मान्य. पण ते कार्ड घरच्या टीव्हीला जोडता यायचं. ज्याच्याकडे महागड्या मॉनिटरचे पैसे नव्हते त्याच्यासाठी हा केवढा फरक! आणि तुमचा तो पडदा सेकंदाला ५० वेळाच ताजा व्हायचा. लुकलुक दिसू नये म्हणून पडद्याच्या काचेला रेंगाळून चमकणारा फॉस्फरचा लेप वापरलेला, त्यामुळे मजकूर वर सरकला की मागे भुतं तरंगायची.

फॉस्फर

@चौरंगी, भुतं होती, नाही कुठे म्हणतोय. पण ८० कॉलमांत सीजीएच्या मेमरीत भलत्या वेळी लिहिलं की पडद्यावर बर्फ पडायचा, म्हणजे पांढरे ठिपके उडायचे, त्याचं काय? तो टाळायला प्रोग्रामला पडद्यावर चित्र काढणारा किरण परत फिरायची वाट बघत बसावं लागे. एमडीएवर लिहा आणि मोकळे व्हा.

सोल्डरगन

दोघांची जुगलबंदी छान चालली आहे, पण धागाकर्त्यांचा कार्यकारणभाव साफ चुकीचा आहे. ग्राफिक्स सोडलं म्हणून मजकूर सुबक झाला, असं अजिबात नाही. मजकूर सुबक झाला तो मॉनिटरमुळे. सीजीएची आडवी वारंवारता (सेकंदाला किती आडव्या रेषा काढायच्या तो वेग) टीव्हीची, १५.७ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणून उभ्या २०० रेषांवर समाधान. एमडीएचा मॉनिटर १८.४३२ किलोहर्ट्झवर चालायचा आणि सेकंदाला ५० च चित्रं काढायचा, म्हणून ३५० रेषा मिळाल्या. ग्राफिक्स असतं तरी अक्षरं तशीच दिसली असती.

पुरावा हवा? हर्क्युलिस कार्ड, १९८२. तोच मॉनिटर, तोच ९ × १४ मजकूर, आणि वर ७२० × ३४८ चं ग्राफिक्स. ३५० ऐवजी ३४८ का, तर ग्राफिक्सची मेमरी चार पट्ट्यांत विभागलेली, रेषांची संख्या चारने भागली जायला हवी. जादा खर्च कशाचा? मेमरीचा: ४ केबीच्या जागी ६४. आयबीएमने पैसे वाचवले, त्याला तुम्ही शहाणपण म्हणता. लोटसने हर्क्युलिसला आधार दिला आणि साहेबांना आलेख मिळाला. आपल्याकडच्या ज्या एक्सटी (त्या काळचे पीसी) मी उघडल्या, त्यांत बहुतेक हर्क्युलिसची नक्कलच निघायची, अस्सल एमडीए क्वचित.

डीबेसवाला

सोल्डरगन, कागदावर सगळं बरोबर. पण मी त्या पडद्यांसाठी प्रोग्राम लिहिलेत. हर्क्युलिसच्या ग्राफिक्सचं एक पान म्हणजे ३१,३२० बाइट, मजकुराचं ४०००. ८०८८ वर ग्राफिक्समधून मजकूर सरकवून बघा, मधल्या वेळात चहा पिऊन याल. त्यामुळे आलेख संपला की सगळे निमूट परत मजकुराच्या मोडमध्ये. नोंदी भरणं, शोधणं, छापणं, सगळं तिथेच.

थोडं अवांतर: रूपाच्या बाइटमध्ये सीजीएवर जो आकडा निळ्या अक्षरांसाठी, तोच एमडीएवर अधोरेखित अक्षरांसाठी. कुणी हौसेने रंगीत मशीनवर निळा मेनू बनवून आणला की आमच्या हिरव्या पडद्यावर प्रत्येक शब्दाखाली रेघ. गिऱ्हाईक विचारायचं, "एवढं सगळं महत्त्वाचं आहे का?"

आणखी एक. एमडीएची मेमरी बी००० या पत्त्याला, सीजीएची बी८०० ला, त्यामुळे दोन्ही कार्डं एकाच मशीनमध्ये गुण्यागोविंदाने नांदायची. एका पडद्यावर प्रोग्राम, दुसऱ्यावर डीबगर (चुका शोधायचं साधन). हर्क्युलिसचं दुसरं पान मात्र सीजीएच्याच जागेत घुसायचं.

शिरोरेखा

सगळे इंग्रजी मजकुराबद्दल बोलताय म्हणून लिहिते. 'सुबक मजकूर' कुणासाठी? एमडीएची २५६ चिन्हं रॉममध्ये कोरलेली. चिप बदलल्याशिवाय त्यात 'क' सुद्धा घालता येत नाही.

आता त्या नवव्या ठिपक्याकडे बघा. रॉममध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी आठच ठिपके. नववा रकाना कोराच राहतो, म्हणजे शेजारची अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत. पण चौकटीच्या आडव्या रेघा मग तुटल्या असत्या. म्हणून १९२ ते २२३ क्रमांकांच्या चिन्हांपुरता कार्ड आठवाच ठिपका नवव्या जागी पुन्हा काढतं. उजवीकडे जोडणाऱ्या सगळ्या रेघा त्याच पट्ट्यात बसवल्या आहेत. युक्ती सुंदरच. पण देवनागरीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला उजवीकडे जोडायचं असतं! रॉम बदलली तरी त्या ३२ जागांबाहेरच्या अक्षरांची शिरोरेखा दर नवव्या ठिपक्याला तुटणार. शिवाय वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, हे सगळं १४ रेषांत बसवताना 'र्कीं' चं काय होईल ते डोळ्यांसमोर आणा.

आणि हर्क्युलिस का जन्मलं? ते बनवणाऱ्या व्हॅन सुवन्नुकुल यांना प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता, असं सांगतात. ज्यांची लिपी रॉममध्ये नव्हती, त्यांना सुटा ठिपका ही चैन नव्हती.

फॉस्फर

@शिरोरेखा, मुद्दा वजनदार आहे. पण पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड आठवा. मूळ काम आयआयटी कानपूरचं, सी-डॅक १९८८ ला स्थापन झालं आणि ते पुण्यात आलं. डॉसवरचा मजकुरी प्रोग्राम होता तसाच ठेवून त्यात देवनागरी दाखवायची, ही त्याची खुबी. डीबेस या नोंदी ठेवायच्या प्रोग्रामला पत्ताही नसायचा की आपण मराठी नावं साठवतोय. म्हणजे 'प्रोग्रामने क्रमांक लिहावा, आकार कार्डाने काढावा' ही एमडीएचीच विचारसरणी मराठीच्या कामी आली की!

शिरोरेखा

विचारसरणी आली, एमडीए नाही आलं. 'क', हलन्त आणि 'ष' हे तीन क्रमांक आले की मिळून एकच 'क्ष' काढायचा, हे एका रकान्यात एक अक्षर बसवणाऱ्या कार्डाचं काम नव्हे. त्यासाठी वेगळं कार्ड खोचावं लागलं, वेगळे पैसे मोजावे लागले. तालुक्याच्या छोट्या ऑफिसला ते झेपत होतं का, हेही विचारा. वर इस्कीची (भारतीय लिप्यांच्या अक्षर-क्रमांकांच्या मानकाची) अक्षरं १२८ च्या पुढच्या जागांत, आणि आयबीएमच्या चौकटींच्या रेघाही तिथेच. मेनूची चौकट काढायला जावं तर काठावर व्यंजनांची माळ.

चौरंगी

म्हणजे एमडीएवर साहेबांना आलेख नाही आणि मराठी माणसाला अक्षर नाही. धागाकर्ते, तुमच्याकडे उरलं काय?

डीबेसवाला

उरलं ना. आयबीएमच्याच १९८७ च्या व्हीजीएने रंग दिले, बदलता येणारे फॉन्ट दिले, पण नेहमीचा मजकूर ७२० × ४०० मध्ये, चौकट ९ × १६ ची. नववा ठिपका तसाच कोरा, आणि १९२ ते २२३ ची मेख तशीच. फरक इतकाच की आता ती एका बिटने बंद करता येते.

सोल्डरगन

ती बंद केलीत की चौकटींच्या आडव्या रेघा तुटतात, हेही सांगा. आणि चालू ठेवून त्या ३२ जागांत स्वतःच्या फॉन्टची अक्षरं घातलीत, तर ज्यांचा आठवा रकाना भरलेला असेल ती शेजाऱ्याला चिकटतात.